लांबच्या वाटेने

वर्गात एकोणसाठ मुलं होती आणि खोक्यातून चिठ्ठ्या निघाल्या एकसष्ट. म्हणजे कुणा दोघांचं एका चिठ्ठीत मावलं नव्हतं.

खोका मिठाईचा होता. झाकणाला मधोमध कात्रीने चीर पाडलेली. फौजदार मॅडमनी तो घरूनच आणला होता, शिवाय कोऱ्या कागदाचे सारखे कापलेले तुकडेही. तरी काही मुलांनी स्वतःच्या वहीचं पान फाडलंच. कुणी रेघांचं, कुणी गणिताच्या वहीचं चौकटींचं. काहींनी इतक्या बारीक घड्या घातल्या होत्या की त्या उघडताना मॅडमना नखं वापरावी लागत होती. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसून ती नखं बघत होते. नववीच्या मुलाने कागदाची इतकी बारीक घडी का घालावी, हे मला चांगलं माहीत आहे.

दर जानेवारीत हा आठवडा येतो. 2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापन दिन. 1961 साली त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते दलाला ध्वज मिळाला. त्या निमित्ताने पोलीस ठाण्यांची दारं शाळांसाठी उघडतात. मुलांची रांग जाते, टेबलावर मांडलेल्या बंदुका बघते, वायरलेस कसा चालतो ते ऐकते, रिकाम्या कोठडीत डोकावून परत येते. पाटीवरचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' मी मुलांना फोड करून सांगते. मराठीची शिक्षिका आहे, सवय जात नाही. मुलांना बंदुका आवडतात. पण ठाण्याच्या पायऱ्या चढताना मुलींचे हात एकमेकींच्या हातात जातात, तेही मी दरवर्षी बघते. नुसतं प्रदर्शन बघायला चाललोय हे माहीत असूनही.

त्या पायऱ्यांबद्दल आपण मुलांना काय काय सांगून ठेवलेलं असतं! जेवला नाहीस तर पोलीस नेईल. रडलास तर पोलिसाला देईन. आणि पुढे मोठेपणी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चौदा वर्षं आपण मुलाला एका दारापासून लांब ठेवतो आणि पंधराव्या वर्षी सांगतो, काही झालं तर त्याच दाराशी जा.

मी वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, एकशेसाठ चौरस फुटांची एकेक खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. या चाळींत गिरणी कामगार राहत आणि पोलीसही राहत. त्यामुळे खाकी वर्दी आमच्यासाठी दोरीवर वाळत घातलेली असायची. आमच्यापासून चार खोल्या सोडून एक हवालदार काका होते. संध्याकाळी गंजीफ्रॉकवर बसून मटार सोलत. काकींच्या कुरडया आमच्या पत्र्यावर वाळायच्या. पोलिसाची भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं.

1991 साली मी नववीत होते. शाळेच्या वाटेवर एक माणूस मागे मागे येऊ लागला. आधी चार पावलांवरून, मग दोन. मग कानाशी काहीतरी बोलायचा. काय ते मी आजही लिहू शकत नाही. शाळा बारा मिनिटांवर होती. मी वाट बदलली. दोन गल्ल्या फिरून, पिठाच्या गिरणीवरून, देवळाच्या मागून जायला लागले. वीस-बावीस मिनिटं लागायची. दहावी संपेपर्यंत मी त्याच वाटेने गेले. आईने एकदा विचारलं, हल्ली लवकर का निघतेस? प्रार्थनेला वेळेवर पोचायला, म्हटलं.

हवालदार काका चार खोल्यांवर होते. त्यांना सांगितलं नाही.

हे का सांगितलं नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं 'भीती' असं देत होते. पण काकांची भीती नव्हतीच. मला माहीत नव्हतं ते हे की सांगितल्यावर पुढे काय होतं. काका बाबांना सांगतील का? बाबा शाळा बंद करतील का? चाळीत किती दारांपर्यंत ही गोष्ट जाईल? त्या माणसाला काय होईल आणि मग तो मला काय करेल? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ज्याच्या पुढचं काही दिसत नाही अशा जिन्यावर कोणी पाय टाकत नाही.

काकी आता कळव्याला मुलाकडे असतात. काका गेले. मागच्या दिवाळीत भेटायला गेले होते, तेव्हा मेथी निवडता निवडता त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, अगं वेडे, सांगायचंस की. काकींनी एक जुडी संपवली आणि म्हणाल्या, "ह्यांनी त्याला बदडला असता. आणि तुझ्या बाबांना सांगितलं असतं. मग तुझ्या बाबांनी तुला गावी पाठवली असती. बरं केलंस." त्या खरं तेच बोलत होत्या. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीचा अंदाज बरोबर होता. मुलं गप्प राहतात ती अडाणी असतात म्हणून, असं समजणाऱ्या माणसाने मुलांसमोर उभंच राहू नये.

तेव्हा कायद्यातही माझ्यासाठी फार काही नव्हतं. पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला 2013 साली. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर दंडविधानात कलम 354 ड आलं, आता न्याय संहितेत ते कलम 78 आहे. मुलगी नको म्हणत असताना मागे मागे जाणं, संपर्क करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते त्यावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आला 2012 साली, 14 नोव्हेंबरपासून लागू झाला. आज माझ्या वर्गातल्या मुलीजवळ 1991 च्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कायदा आहे. पण तिच्या चिठ्ठीत प्रश्न माझाच असतो.

मी आधी ज्या शाळेत होते तिथेही एक साहेब बोलायला आले होते. तासभर बोलले. मोबाईल वाईट, रात्रीचं बाहेर फिरणं वाईट, मुलींनी कपडे नीट घालावेत, मुलांनी संगत बघावी, आणि एकदा केस झाली की पासपोर्ट नाही, नोकरी नाही, आयुष्य बरबाद. शेवटी म्हणाले, काही प्रश्न? साडेतीनशे मुलांच्या हॉलमध्ये एक पंखा कुरकुरत होता तेवढाच. कुणी हात वर केला नाही. साहेबांना वाटलं, सगळ्यांना समजलं. मला तो दिवस विसरता येत नाही, कारण त्या हॉलमध्ये निदान एका मुलीला काहीतरी विचारायचं होतं हे मला माहीत होतं. आदल्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. त्या भाषणानंतर ती माझ्याकडे बघेनाशी झाली. मी तिच्या मागे गेले नाही, आणि वर्ष संपल्यावर ती दुसऱ्या शाळेत गेली. माझं तिथे चुकलं.

म्हणून या वर्षीच्या मॅडमनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मी सावरून बसले. विक्रोळीची मराठी शाळा, हॉलचं प्लास्टर चालू होतं म्हणून नववी ब च्या वर्गातच कार्यक्रम. मॅडम खुर्चीवर बसल्या, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि म्हणाल्या, मी आज काही शिकवणार नाही, तुम्ही लिहा. नाव घालू नका. दहा मिनिटं दिली. बाकीच्या शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. वर्गावर कोणीतरी असायला हवं म्हणून मी राहिले.

चिठ्ठ्या उघडून त्यांनी आधी ढीग लावले. एक ढीग वाढतच गेला. तो हातात धरून त्या म्हणाल्या, "या सगळ्या चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे." आणि वाचला.

'पोलीस स्टेशनला गेलं तर घरी सांगतात का?'

वर्गात कुणी हललं नाही.

"बहुतेक वेळा सांगावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "नाही म्हणून तुम्हाला बोलावून घ्यायचं आणि मग सांगायचं, असं मी करणार नाही. तुमच्यावर कोणी लैंगिक जबरदस्ती केली असेल आणि ते मी ऐकलं, तर मला ते लिहून घ्यावंच लागतं. तुमच्या बाईंनी ऐकलं तर त्यांनाही कळवावंच लागतं, नाही कळवलं तर तो त्यांचा गुन्हा. पण तुमचा जबाब घेताना शेजारी कोण बसणार, ते तुम्ही सांगू शकता. आई-बाबा असू शकतात, नाहीतर तुमचा विश्वास असलेलं दुसरं कोणी. मावशी, आजी, या बाई. आणि जबाबासाठी ठाण्यात यायची गरज नाही. मी तुमच्या घरी येईन, किंवा तुम्ही सांगाल तिथे. साध्या कपड्यांत. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे."

पोक्सोच्या चोविसाव्या आणि सव्विसाव्या कलमात हे खरंच आहे. जबाब घेणारी शक्यतो महिला अधिकारी असावी, उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाची नसावी, अंगावर वर्दी नसावी, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. तेविसावं कलम सांगतं की मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो कुठेही छापून येता कामा नये. ही कलमं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकली होती, पण मुलांना ती अशी कोणी सांगताना पहिल्यांदाच ऐकत होते. आपण मुलांना 'गुड टच, बॅड टच' शिकवून थांबतो. पहिली-दुसरीला ते बरोबर आहे. नववीतल्या मुलाला कोणता स्पर्श वाईट हे कळून चुकलेलं असतं. त्याला पुढचं हवं असतं.

एका चिठ्ठीत होतं, 'पोक्सो फक्त मुलींसाठी असतो ना?' प्रश्न मुलाचा वाटला. मॅडमनी 'नाही' एवढंच म्हटलं आणि थांबल्या. मग सांगितलं, "अठराच्या आतलं कोणीही. मुलगा असला तरी. मुलं माझ्याकडे उशिरा येतात, एवढाच फरक." मागच्या रांगेतल्या दोन मुलांनी खाली बघितलं. त्यांच्याबद्दल याहून जास्त मला काही ठाऊक नाही, आणि अंदाज बांधायचाही नाही.

गाडीचे प्रश्न बरेच होते, ते पटापट झाले. अठराच्या आत स्कूटर चालवलीत तर 2019 पासून शिक्षा पालकांना किंवा गाडीच्या मालकाला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि तुम्हाला पंचवीस वर्षांचे होईपर्यंत लायसन्स नाही. व्हेपचा प्रश्न आला. ई-सिगारेट देशभर बंद आहे, विकणारा गुन्हेगार आहे, टपरीचं नाव सांगायला तुमचं नाव लागत नाही. आणखी एक, जो मला नवा होता: 'मित्राचा भाऊ बँक अकाउंट वापरायला मागतो, महिन्याला पैसे देतो, देऊ का?' मॅडमचा आवाज इथे पहिल्यांदा चढला. फसवणुकीचे पैसे अशाच उसन्या खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. "देऊ नका. दिलं असेल तर आजच सांगा."

मग एक चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

'पुलावर झालं तर कुठे जायचं?'

एवढंच. विक्रोळी स्टेशनचा पूल आम्ही सगळेच रोज चढतो. मॅडम उठल्या आणि फळ्यावर पूल काढला. पायऱ्या, वरचा सपाट भाग, खाली रस्ता. खडूने एक आडवी रेघ मारली. "इथून वर रेल्वेची हद्द, म्हणजे लोहमार्ग पोलीस. इथून खाली शहर पोलीस, म्हणजे आम्ही. हे तुम्ही लक्षात ठेवायचं नाही. हद्द बघणं आमचं काम आहे. तुम्ही कुठल्याही ठाण्यात जा, तक्रार घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने लिहून घेतात आणि योग्य ठाण्याकडे पाठवतात. कोणी म्हणालं की आमच्या हद्दीत येत नाही, तर म्हणा, झिरो एफआयआर घ्या. एवढे दोन शब्द पाठ करा." वर्गाने ते शब्द हळू आवाजात, आपणहून, एकत्र म्हटले. कविता म्हणतात तसे. लोकलमध्ये असाल तर रेल्वेची मदत 139 वर, इतर कुठेही 112.

याच्या लगेच खालची चिठ्ठी 112 ची होती. 'फोन केल्यावर कोण येतं आणि ते गेल्यावर काय?' ते शेवटचे चार शब्द कोणत्या घरातून आले असतील ते सगळ्यांना समजलं. घरातल्या भांडणाला गाडी येते, बापाला समज देते, कधी ठाण्यात नेते. आणि तो परत येतो. मॅडमनी हे सगळं तसंच सांगितलं. परत येतो, हेसुद्धा. मग म्हणाल्या, म्हणून त्या रात्रीच्या फोनवर थांबायचं नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतो, मॅजिस्ट्रेट मारणाऱ्याला घरात यायला मनाई करू शकतात, आईला घराबाहेर काढता येत नाही. त्यासाठी आईशी बोलावं लागतं, ते आम्ही बोलू. मुलाने एकट्याने बोलायचं नाही. आणि फक्त मुलासाठी म्हणून 1098 आहे, दहा-नऊ-आठ. हा नंबर 1996 मध्ये याच शहरात सुरू झाला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री फोन करता यावा म्हणून. आज तो देशभर चालतो.

फोटोच्या चिठ्ठ्या तीन होत्या. तिन्हींतली वाक्यं इतकी तुटक होती की व्याकरण बघायचं भान मला राहिलं नाही. कोणीतरी ओळख वाढवली, फोटो मागितला, आता पैसे मागतो, नाहीतर सगळ्यांना पाठवीन म्हणतो. मॅडम खूप सावकाश बोलल्या. पैसे देऊ नका, दिले की परत मागतो. चॅट पुसू नका. त्याचा नंबर, त्याचं नाव, पैसे मागितलेला मेसेज तसाच ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. आणि 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे, अठराच्या आतल्या फोटोंसाठी. फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याची आकड्यांची एक खूण तयार होते, ती खूण तेवढी जाते, आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो आपल्या ॲपवर शोधून काढून टाकतात. "आणि एक सांगते. फोटो पाठवणाऱ्याला मी रागावत नाही. मला तो माणूस हवाय."

हे ऐकून पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. तिच्या मैत्रिणीने तिला डबा उघडून लाडू दिला. मॅडमनी तिकडे बघितलं नाही. मुद्दाम.

एका प्रश्नावर मात्र त्यांच्याजवळही सोपं उत्तर नव्हतं. 'ती पण सोळा, मी पण सोळा. गुन्हा होतो का?' 2012 पर्यंत संमतीचं वय सोळा होतं, पोक्सोने अठरा केलं, आणि 2023 मध्ये विधी आयोगाने ते कमी करू नका असाच अहवाल दिला. दोघांच्या मनाने झालेल्या गोष्टीतही मुलीचे आई-वडील ठाण्यात आले की मुलावर केस होऊ शकते. त्यांनी तेच सांगितलं. कायदा आत्ता असा आहे, आणि तुमच्यातलं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला स्वतःला वाटतं की सोळा वर्षांच्या दोघांना आणि चाळीस वर्षांच्या शिकाऱ्याला एकाच कलमात उभं करणं योग्य नाही. पण वर्गातल्या मुलांना माझ्या मताचा उपयोग नाही. कायदा आज काय म्हणतो ते त्यांना माहीत हवं.

दीड तास होऊन गेला होता. शेवटची चिठ्ठी चौकटींच्या कागदाची होती. मॅडमनी ती उघडली, वाचली, परत तशीच बारीक घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवून गुंडी लावली.

"ही मी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याने किंवा जिने लिहिलीय, त्याच्यासाठी: मी आज साडेपाचपर्यंत दुसऱ्या मजल्यावर संगणकाच्या खोलीत आहे. नाही आलात तरी चालेल. पुढच्या गुरुवारीही येईन. वर्दी नसेल, ओळखा."

मुलं पांगल्यावर मी त्यांना म्हटलं, ती चिठ्ठी मला दाखवा, मी त्या मुलाकडे लक्ष ठेवीन. त्या नाही म्हणाल्या. "तुम्ही वह्या तपासता. अक्षर ओळखाल."

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या शाळेत तक्रारपेटी आहे, नियमाप्रमाणे. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली. दर सोमवारी ती उघडली जाते आणि रिकामी निघते, आणि आम्ही रजिस्टरमध्ये 'तक्रार नाही' असं लिहितो. ते रजिस्टर मीच लिहिते.

शाळा पाचला सुटली. स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावरच आहे, संगणकाच्या खोलीच्या समोर. मी पेपर पुढ्यात घेऊन बसले, पण नजर दारावर. पाच-दहा झाले. जिन्यावर पावलं वाजली, वरच्या पायरीवर थांबली, आणि खाली गेली. पाच मिनिटांनी पुन्हा आली. पुन्हा तिथेच थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पायरीवरून संगणकाची खोली दिसते आणि स्टाफरूमच्या उघड्या दारातून मीही दिसते.

मी पेपर कपाटात टाकले, पर्स उचलली आणि दार लोटून घेतलं. रोजच्या जिन्याने गेले असते तर पायरीवर कोण आहे ते दिसलं असतं. मी मागच्या जिन्याने उतरले, प्रयोगशाळेच्या बाजूने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मैदानाच्या पलीकडच्या फाटकातून बाहेर पडले. त्या फाटकातून स्टेशन लांब पडतं.